फान घराण्याचे सुतक

फार पूर्वी चीन देशात ज्याओ नावाच्या राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व फान घराण्यात थोरला मुलगा होऊन जन्मला. त्याचे नाव शू. वडील लवकर वारले. आईने त्याला वाढवले आणि शिकवले. मोठा झाल्यावर तो राजाच्या नोकरीत शिरला आणि पुढे लिंगशुई नावाच्या सीमेवरच्या परगण्याचा अंमलदार झाला.

त्या देशात कोणालाही स्वतःच्या गावी अंमल देत नसत. नातलगांची भीड पडते म्हणून. त्यामुळे आई गावीच राहिली. शूबरोबर त्याची बायको सूइंग आणि धाकटा भाऊ ची हे दोघे आले.

लिंगशुईच्या उत्तरेला डोंगर होते. डोंगरातले लोक मिठासाठी खाली येऊन लूट करीत. मग सैन्य वर जाऊन त्यांची घरे जाळी. हे वर्षानुवर्षे चालले होते. सेनापती दुआन याला ते सोयीचे होते. जितकी मुंडकी तो राजधानीला पाठवी, तितका त्याचा मान वाढे.

बोधिसत्त्वाने हे थांबवले. तो हत्यार न घेता डोंगरात गेला, त्यांच्या चुलीपाशी बसला आणि त्यांची कडसर भाकरी खाल्ली. त्यांची प्रमुख ओलू नावाची एक म्हातारी होती. तिच्याशी त्याने करार केला. कापणीनंतर सगळ्यांनी खाली उतरायचे आणि धनुष्ये नदीत टाकायची. राजाचा दूत आला की त्याच्यासमोर प्रजा म्हणून नमस्कार करायचा. त्या दिवसापासून नदीकाठची पडीक जमीन त्यांची, आणि मीठ सगळ्यांना मिळते तसे त्यांनाही.

ठरल्याप्रमाणे ते उतरले. म्हातारी माणसे, तान्ही मुले, शेळ्या, सगळे. धनुष्ये नदीत गेली. काठावर पाले ठोकून ते दूताची वाट पाहू लागले. दूत वाटेत होता. तो अंमलदारासाठी राजधानीतल्या मोठ्या पदाचा हुकूमही आणतो आहे, ही गोष्ट शहरात सगळ्यांना ठाऊक होती.

तोवर त्या लोकांना राखणारी वस्तू एकच होती, अंमलदाराचा शिक्का. शिक्क्याच्या हुकमावाचून सैन्य वेशीबाहेर पडू शकत नसे.

अशा वेळी फान घरचा जुना गडी वू गाढवावर बसून गावाहून आला. सकाळची वेळ होती. ची दारातच उभा होता.

“आईसाहेब गेल्या, धाकटे मालक,” वू म्हणाला आणि उंबऱ्यावर बसून रडू लागला.

“हळू! दादाच्या कानावर जाईल.”

“जायलाच हवं ना?”

“आत चल. आधी पेज पी.”

चीने त्याला स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसवले, बाहेरून कडी लावली आणि तो वहिनीकडे गेला.

त्या देशाचा नियम असा होता. आई किंवा बाप गेल्याचे कळले की अंमलदाराने त्याच घटकेला शिक्का सोडायचा. तागाचे जाडेभरडे, न रंगवलेले कपडे घालायचे. गावी जाऊन, तोवर पेटीत ठेवलेले मयत पुरायचे आणि थडग्याशेजारी गवताच्या झोपडीत तीन वर्षे सुतक पाळायचे. बातमी कळूनही कोणी पदावर राहिला, तर पद जाई आणि वर फटके बसत. पण बातमी पोचलीच नसेल तर दोष नव्हता.

“दूत येईपर्यंत दादाला कळू द्यायचं नाही, वहिनी,” ची म्हणाला. “त्याला बढती मिळेल आणि ती नदीकाठची माणसंही वाचतील. मग सांगू.”

सूइंगच्या डोळ्यांना धार लागली होती. “सासूबाई तिकडे पडल्या आहेत आणि मी इथे केसांत काटे घालून फिरू?”

“फिरा. मी नाही का निळा झगा घालून फिरणार? माझी तर आई होती.”

“मला यांच्याशी खोटं बोलता येत नाही, भावोजी.”

“बोलू नका. नुसतं गप्प बसा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बसाल.”

सूइंगने नदीकाठची मुले पाहिली होती. ती गप्प बसली.

ची हुशार होता. पण गाढवाचा विचार त्याने केला नाही.

दुपारी बोधिसत्त्व नदीकाठी जायला निघाला आणि घोडा सोडायला तबेल्यात गेला. तिथे आईचे गाढव कडबा खात होते. आई त्याच्या गळ्यात नेहमी लाल दोरी बांधी. आज तिथे पांढरी चिंधी होती. घरात मयत झाले की त्या देशात जनावरांनाही पांढरे बांधीत. वूने निघताना ती बांधली होती.

बोधिसत्त्व गाढवाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मग तिथेच खाली बसला. मग तो मोठ्याने रडू लागला. मुलाने आईसाठी रडावे तसा तो रडला, आणि सगळ्या घराने ते ऐकले.

ची धावत आला. “दादा, ऊठ. नोकरांना मी गप्प करतो. तुला काही कळलेलं नाही.”

“कळलं आहे.”

“गाढवाने सांगितलं म्हणून? गाढवाची साक्ष कोणत्या कचेरीत चालते?”

“माझ्या कचेरीत चालते.”

“मग नीट विचार कर,” ची म्हणाला. “तू शिक्का सोडलास की तो दुआनकडे जाणार. उद्या सकाळी तो नदीकाठ साफ करील. आई तर गेलीच. थोडे दिवस थांबल्याने ती जास्त मरणार नाही. ती माणसं मात्र मरतील.”

भाऊ चुकीचे बोलत नव्हता. कठीण होते ते हेच. लोभ आणि दया या वेळी एकाच बाजूला ओढत होते. दुसऱ्या बाजूला नुसते सत्य उभे होते.

बोधिसत्त्वाने डोळे पुसले. “समज, मी गप्प बसलो. दूत आला. मी शिक्का मारून जमीन दिली. पुढे कधीतरी वू कुणाला तरी सांगेल, तो कोणत्या दिवशी बातमी घेऊन इथे आला ते. दुआन म्हणेल, शिक्का मारणाऱ्याला त्या दिवशी अधिकारच नव्हता. जमीन रद्द, करार रद्द. ते लोक पुन्हा चोर. तेव्हा त्यांना वाचवायला मीही नसेन.”

“वूला गप्प करता येतं.”

“कसं?”

चीने मान खाली घातली.

“बघ. एका सकाळीत तुला ही गोष्ट कुठवर घेऊन आली.”

त्याने वूची कडी स्वतः काढली आणि म्हाताऱ्याला जवळ घेतले. मग रंगीत झगा उतरवला, तागाचे कपडे घातले, पायांत गवताच्या चपला घातल्या. सूइंगने केसांतले काटे काढून ठेवले आणि केस मोकळे सोडले. बोधिसत्त्व शिक्का घेऊन कचेरीत गेला आणि सगळ्यांसमोर तो दुआनच्या हाती दिला. नियमाने पुढचा अधिकारी तोच होता.

“फानसाहेब, ऐकून फार वाईट वाटलं,” दुआन म्हणाला. त्याने शिक्का दोन्ही हातांनी घेतला आणि तिथल्या तिथे कमरेला बांधला. “नदीकाठच्या लोकांची काळजी करू नका. त्यांची व्यवस्था मी सकाळीच लावतो.”

बोधिसत्त्वाने त्याची विनवणी केली नाही. दुआन विनवण्यांनी बदलणारा माणूस नव्हता. बोधिसत्त्व निघाला. सूइंग, ची आणि वू मागे निघाले. वेशीबाहेर तो उत्तरेला वळला.

“दादा, गाव दक्षिणेला आहे,” ची म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“आईला ताटकळत ठेवणार?”

“आईकडे घरची सगळी माणसं घेऊन जायचं असतं.”

चीला काही कळले नाही.

संध्याकाळी ते नदीकाठी पोचले. ओलू पालाबाहेर शेळीचे दूध काढत होती. बोधिसत्त्वाचे कपडे पाहून ती उठली.

“कोण गेलं?”

“आई.”

“वाईट झालं. बस.” मग तिने विचारले, “शिक्का कुठे आहे?”

“दुआनकडे. उद्या सकाळी तो इथे येईल.”

म्हातारीने दुधाचे भांडे खाली ठेवले. भोवती माणसे जमली. “आमची धनुष्यं तुझ्या शब्दावर नदीत गेली, अंमलदारा. आता तू म्हणतोस, मी अंमलदार नाही. डोंगरात परत जावं तर पोरं घेऊन उजाडेपर्यंत अर्धा चढही होत नाही. तू आम्हाला मारून ठेवलंस.”

“अजून नाही. या देशात एक वस्त्र आहे, त्याच्यावर कोणी हत्यार उगारत नाही.” त्याने अंगावरचा ताग दाखवला.

हे खरे होते. सुतकी माणसे वाटेने निघाली की सरदारही घोड्यावरून उतरून बाजूला उभा राही. हा नियम जो मोडी त्याच्या घरी मयत झाले, तर खांदा द्यायला कोणी जात नसे. शिपाई लढाईत मरायला भीत नसत. या गोष्टीला भीत.

“ताग?” ओलू म्हणाली. “आम्ही रोज दुसरं काय घालतो? तुमचे लोक आम्हाला हसतात त्यावरून. बारा महिने सुतकी म्हणतात. दूतासाठी म्हणून हे निळे कपडे घातलेत. जुने गाठोड्यात आहेत. चल, घालतो.”

“थांब. ते घरच्यांनीच घालायचे असतात. परक्याने सुतकी म्हणून घातले तर गुन्हा. शिवाय ते खोटं. दुपारी मी एक खोटं नाकारलं. आता दुसरं करणार नाही.”

“मग कशाला सांगितलंस?”

“तुम्ही खरोखर घरचे व्हा म्हणून. वडील नाहीत, घराचा कर्ता मी आहे. कर्त्याने एका भांड्यातलं अन्न वाटून दिलं आणि पितरांपुढे नावं घेतली की परका माणूस घरचा होतो. मग त्याला घराच्या शेतात वाटा, घराच्या स्मशानात जागा. हे उद्यापुरतं नाही. कायमचं.”

ची पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “दादा! पणजोबांनी दगड फोडून केलेली शेतं ही. यांना वाटा? माझ्या मुलांनी काय खायचं?”

“तुझा वाटा तुझा. त्यातली एक सरीही कमी होणार नाही. माझा सगळा वाटा यांना.”

“आणि तू?”

“मी आधी तीन वर्षं पेज पिणार आहे. पुढचं पुढे.”

“भावकी तुला दारात उभं करणार नाही. पितरांच्या नावांच्या पाट्यांशेजारी या लोकांची नावं लागणार? लोक थुंकतील आपल्यावर.”

“थुंकतील,” बोधिसत्त्व म्हणाला. “धुऊन टाकू.”

सूइंग दोघांच्या मधे आली. ती म्हणाली, “राजधानीतलं घर मी मनात लावूनसुद्धा टाकलं होतं. दारात डाळिंब लावणार होते. असू दे ते.” मग तिने जमलेल्या बायकांवरून नजर फिरवली. “पण एवढ्या जावा-नणंदांचा मानपान मी एकटीने कसा सांभाळायचा, हे कुणीतरी सांगा मला.”

बायका हसल्या. ओलूही हसली. पण ती लगेच गंभीर झाली.

“माझी एक अडचण आहे. आमच्यात खोटं रडत नाहीत. मी जिला पाहिलं नाही तिच्यासाठी कशी रडू? तुझी आई कशी होती?”

बोधिसत्त्व जमिनीवर बसला. “फटकळ होती. शेजारच्या बाईशी तिचं सांडपाण्याच्या चरावरून भांडण होतं. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. मग ती शेजारीण अंथरुणाला खिळली. तिला कुणी नव्हतं. आई रोज तिला खिमट करून न्यायची. एकेक घास भरवायची आणि प्रत्येक घासाला शिवी द्यायची. गीळ, सटवे, बरी हो, मग तुझा चर बुजवते.”

“मग बरी झाली ती?”

“झाली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भांडण.”

ओलू मोठ्याने हसली. “असली बाई आमच्यात असती तर मला कुणी प्रमुख केलं नसतं.” मग ती त्याच्याशेजारी बसली. “माझे दोन मुलगे जळत्या घरात राहिले. आम्ही पळत होतो. त्यांच्यासाठी रडायला जागाच मिळाली नाही कुठे. तुझ्या आईबरोबर त्यांच्यासाठीही रडले तर चालेल?”

“चालेल. तेही आता घरचेच.”

सूइंगने मोठ्या भांड्यात पेज केली. बोधिसत्त्वाने ती प्रत्येकाला स्वतःच्या हाताने वाढली आणि दक्षिणेकडे तोंड करून पितरांपुढे एकेकाचे नाव घेतले. डोंगरातली नावे त्याच्या जिभेला अवघड होती. चुकले की मुले त्याला सुधारीत, आणि तो पुन्हा म्हणे. मग गाठोडी सुटली, निळे कपडे उतरले, ताग अंगावर आला. नदीकाठावर मोठा आकांत झाला. त्यात खोटे काही नव्हते.

ची बाजूला बसून राहिला होता. शेवटी वूने त्याच्यापुढे वाडगा धरला. “धाकटे मालक, आईसाहेबांनी कुणाला उपाशी परत पाठवलेलं मी कधी पाहिलं नाही.” चीने वाडगा घेतला. पण भावाशी तो बोलला नाही.

सकाळी सगळे दक्षिणेकडे निघाले. पुढे बोधिसत्त्व काठी टेकत, मागे ओलू, मागे बाकीचे. शहराच्या वेशीपाशी समोरून सैन्य आले. दुआन घोड्यावर होता.

“फानसाहेब, बाजूला व्हा. तुमच्या मागे चोर आहेत.”

“माझ्या मागे माझ्या घरची माणसं आहेत. आईला पोचवायला निघाली आहेत.”

“एवढी?”

“एवढी.”

“सोंग आहे हे!” दुआन ओरडला. “परक्याने सुतकाचा वेष घेतला तर त्याची सजा काय, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. म्हणूनच काल यांना घरात घेतलं. एका भांड्यातून जेवलो, पितरांपुढे नावं घेतली. माझा वाटा यांना दिला. भाऊ इथेच आहे. त्याला विचारा.”

दुआन चीकडे वळला. त्याला चांगले ठाऊक होते की या भावाला काय हवे आहे. “बोला, धाकटे फान. तुमच्या बापजाद्यांची जमीन ही. दादा दुःखाने भ्रमिष्ट झाला, एवढंच म्हणा. तुमचं घर वाचेल.”

ची मागे वळला. त्याने शेळ्या पाहिल्या, मुले पाहिली, मग दुआनच्या शिपायांचे भाले पाहिले. एक शब्द पुरे होता, आणि शेतही राहिले असते.

“दादा भ्रमिष्ट नाही,” तो शेवटी म्हणाला. “मूर्ख आहे. पण कर्ता तोच आहे, आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत दिलं. ही माणसं घरची आहेत.” आणि रस्त्यात उभा राहून तो आईसाठी रडू लागला. बातमी आल्यापासून तो रडला नव्हता.

त्याच्यामागे ओलूने टाहो फोडला. मग सगळ्यांनी.

शिपाई बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती. सगळ्यांच्या आया घरी होत्या. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क शिपायाने भाला जमिनीवर आडवा ठेवला आणि तो रस्त्याच्या कडेला जाऊन मान लववून उभा राहिला. त्याच्या शेजारच्यानेही तेच केले. मग रांग मोडली आणि रस्ता मोकळा झाला.

“शिक्का माझ्याकडे आहे!” दुआन म्हणाला.

“आहे ना, सरकार,” त्याचा घोडा धरणारा मोतद्दार हळूच म्हणाला. “पण खाली उतरा. लोक बघताहेत. तुमच्याही आईसाहेब थकल्या आहेत.”

दुआन उतरला.

ते लोक त्याच्यासमोरून गेले. सगळे जाईपर्यंत त्याला उभे राहावे लागले.

गावी भावकीने तोंड फिरवले. तिरडीला हात लावायला कोणी आले नाही. डोंगरातल्या माणसांनी खांदा दिला. बोधिसत्त्वाने थडग्याशेजारी झोपडी बांधली आणि सुतक पूर्ण पाळले. त्याच्या वाट्याच्या शेतांत डोंगरातल्यांनी बाजरी पेरली. दूत लिंगशुईला येऊन परत गेला. मोठे पद दुसऱ्याला मिळाले. दुआनलाही पुढे बढती मिळाली. असे होते. पण त्या नदीकाठी रक्त सांडले नाही, आणि फान घराण्यात त्या वर्षापासून मुलांना डोंगरातली नावेही ठेवू लागले. सुतक फिटल्यावर राजाने शूला पुन्हा बोलावले. तो शेवटपर्यंत पगारावर जगला. जमीन त्याने परत मागितली नाही, आणि मनातही आणली नाही.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, श्रावस्तीत सांगितली. त्या दिवशी स्मशानात काम करणारी काही घरे धर्म ऐकायला आली होती. सभेत जागा होती, पण लोक सरकत नव्हते. ती माणसे दाराबाहेर उन्हात उभी होती.

कथा संपवून शास्ता म्हणाला, “त्या वेळची ओलू म्हणजे दाराबाहेर उभी आहे ती म्हातारी. सूइंग म्हणजे उपासिका वसुला. आज सरकली ती एकटी तीच. वू म्हणजे विहाराला पाणी भरणारा पुण्णक. ची म्हणजे श्रेष्ठी धनपालित. तो अजून कुरकुरतो आहे, पण सरकेल. सेनापती दुआनही या सभेत बसला आहे. त्याचे नाव मी घेत नाही. आणि अंमलदार फान शू तो मीच होतो.”

श्रेष्ठी धनपालित उठला आणि आपले आसन उचलून बाजूला झाला. मग रांगच्या रांग सरकली. उन्हातली माणसे आत येऊन बसली.

शास्ता म्हणाला, “या गुणाचे नाव मैत्री. तिला जागा द्यावी लागते, आणि ती स्वतःच्या वाट्यातून द्यावी लागते.”